थंडी सरण्याआधी : गॅलरीतल्या झटपट भाज्या

जानेवारीत मेथीची जुडी स्वस्त असते. पालक, मुळा, कोथिंबीर यांनी हातगाड्या भरलेल्या असतात. मग गॅलरीत माती कालवायची, रोज पाणी घालायचे आणि त्याच भाज्या घरी पिकवायच्या कशासाठी, असा प्रश्न घरातली मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. नुसता पैशांचा हिशेब मांडला तर चार-सहा कुंड्यांतून महिन्याचा भाजीखर्च काही वाचत नाही. पण जुडी कितीही स्वस्त असली तरी ती आणायला कोणाला तरी जावे लागते, बसून निवडावी लागते, आणि एक दिवस राहिली की ती पिवळी पडते. कामाच्या रगाड्यात पालेभाजीचा वार चुकतो तो यामुळेच. हाताशी वाढलेली मूठभर पाने मात्र डाळीत, अंड्याच्या पोळीत, खिम्यात, भाकरीच्या पिठात सहज जाऊन पडतात.

ही मूठभर पाने क्षुल्लक नाहीत. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे नोंदवले. महाराष्ट्राचा आकडाही निम्म्याच्या वरच होता. म्हणजे कोणत्याही घरातल्या दोन स्त्रियांपैकी एकीला जिना चढताना धाप लागते, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि ती त्याला ‘थकवा’ म्हणून सोडून देते. त्यातून घरात सगळ्यांना वाढून शेवटी जेवायला बसणारीही बहुधा तीच. तिच्या ताटात रोज काहीतरी हिरवे यावे, एवढा साधा हेतू धरला तरी गॅलरीतली दोन खोकी सार्थकी लागतात.

हा हेतू तडीस जायचा तर पहिला निर्णय नीट घ्यावा लागतो : नेमके काय पेरायचे? आणि त्याचे उत्तर आवडीनिवडीआधी कॅलेंडर देते.

आपला वसंत लवकर तापतो

हल्ली बियाण्यांच्या पाकिटांवर आणि मोबाईलवरच्या बागकामाच्या चित्रफितींमध्ये ‘वसंतात पेरा’ असे हमखास सांगितलेले असते. लेट्यूस, विलायती पालक, मटार, गाजर, लाल मुळा अशा थंडीप्रिय भाज्यांची ती यादी असते. सल्ला खरा आहे, पण तो युरोप-अमेरिकेतल्या वसंतासाठी. तिथे मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळून जमीन मोकळी होते आणि पुढे दोन-तीन महिने हवा गार राहते. आपल्याकडे माघात आंब्याला मोहोर येतो, पळस फुलतो, आणि पाठोपाठ ऊन चटका देऊ लागते. आपल्या वसंताच्या तोंडावर थंडी सुरू होत नाही, ती निघून जात असते.

म्हणून थंडीच्या भाज्यांचा आपला खरा हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा. आत्ता, जानेवारीत, त्यातला उत्तरार्ध हातात आहे. किनारपट्टीवर, म्हणजे रत्नागिरी, रायगड, मुंबईकडे, थंडी मुळातच सौम्य असते आणि फेब्रुवारीच्या अखेरीस दमट उकाडा जाणवू लागतो. विदर्भात रात्री छान गारठतात, पण दुपार फेब्रुवारीतच तापते. पुणे-नाशिक पट्ट्यात मार्चचा पहिला पंधरवडा बऱ्यापैकी साथ देतो. मराठवाड्यात उन्हाइतकीच पाण्याचीही चिंता असते. आपापल्या गावचे दुपारचे ऊन केव्हा सोसवेनासे होते ती तारीख मनात धरायची. आजपासून त्या तारखेपर्यंत जेवढे दिवस, तेवढेच आपले भांडवल.

हे दिवस संपल्यावर काय होते? थंडीतल्या पालेभाज्यांना ऊन वाढले आणि दिवस मोठा झाला की आपला काळ संपत आल्याची खूण पटते. पाने वाढवणे सोडून त्या मधोमध दांडा वर काढतात आणि फुलावर येतात. पाने कडवट आणि निबर होतात, मुळ्यात जाळी पडते, कोथिंबिरीला बारीक चिरलेली पाने येऊन पांढरी फुले दिसू लागतात. मग कितीही खत घाला, कितीही पाणी द्या, झाड मागे फिरत नाही. बाग ‘लागली नाही’ असे ज्याला लोक म्हणतात, त्यात बऱ्याचदा दोष मातीचा किंवा हाताचा नसतो. पिकाला लागणारे दिवस आणि उरलेली थंडी यांचा मेळ बसलेला नसतो.

दोन आठवड्यांत ताटात

सर्वांत चपळ आहे अळीव. बाळंतिणीच्या लाडवांसाठी आणि खिरीसाठी आपण जे तांबूस दाणे आणतो तेच. वाणसामानाच्या दुकानातले स्वच्छ अळीव ओल्या सुती कपड्यावर किंवा मातीच्या पातळ थरावर पसरावेत. मातीत झाकण्याची गरज नाही. दोन-तीन दिवसांत कोंब येतात आणि दोन आठवड्यांच्या आत बोटभर उंचीची, चवीला थोडी झणझणीत पाने कात्रीने कापता येतात. कोशिंबिरीत, उकडलेल्या अंड्यावर, दह्यात ती छान लागतात. मुलांना बागेची गोडी लावायची असेल तर सुरुवात अळिवाने करावी. मुलांचा धीर संपण्याआधी पीक तयार असते.

दुसरी आहे समुद्रमेथी. मुंबईत किनाऱ्याजवळच्या वाळूत घेतल्या जाणाऱ्या, पांढऱ्या देठाच्या त्या इवल्या जुड्या अनेकांनी पाहिल्या असतील. ती वेगळी जात नाही. आपलीच मेथी दाट पेरून कोवळी असतानाच मुळासकट उपटलेली असते. पसरट ट्रेमध्ये धुतलेली बारीक वाळू दोन इंच भरावी, रात्रभर भिजवलेली मेथी दाट पसरावी, वरून वाळूचा हलका थर द्यावा. दहा-बारा दिवसांत भाजी तयार. मात्र वाळू निघेपर्यंत चार-पाच पाण्यांत धुवावी लागते, हे लक्षात असू द्यावे. वाळू बांधकामावरची घेतल्यास आधी भरपूर पाण्याने धुऊन घ्यावी.

या दोन्हींसाठी एक पथ्य पाळावेच लागते. बियाण्याच्या दुकानात मिळणाऱ्या काही पाकिटांतल्या बिया गुलाबी किंवा निळसर-हिरव्या दिसतात. तो बुरशीनाशकाचा लेप असतो. मोठ्या होणाऱ्या पिकासाठी असे बियाणे चालते, पण कोंबाच्या अवस्थेत खायच्या भाजीसाठी ते कधीही वापरू नये, आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. कोवळ्या पानांसाठी खाण्याचेच दाणे घ्यावेत.

महिनाभरात हाताशी येणाऱ्या

साधी मेथी २५ ते ३० दिवसांत काढणीला येते. कसुरी मेथीचा दाणा बारीक असतो, ती हळू वाढते आणि पुन्हा पुन्हा कापता येते, पण तिला थंडीही जास्त दिवस लागते. उरलेल्या हंगामासाठी साधीच बरी. फळवाल्याच्या एका प्लास्टिक क्रेटला मूठभर दाणे पुरतात. असे दोन क्रेट म्हणजे चार माणसांची एका वेळची भाजी, असा आमचा अंदाज आहे. सगळे क्रेट एकाच दिवशी पेरण्यापेक्षा दर आठ दिवसांनी एक पेरला तर पाने सलग मिळत राहतात.

मुळ्यात जात पाहून घ्यावी. लहान लाल गोल मुळा २५ ते ३० दिवसांत तयार होतो आणि त्याला सहा-सात इंच माती पुरते. लांब पांढऱ्या मुळ्यात ‘पुसा चेतकी’ ही जात ४० ते ४५ दिवसांत येते आणि ऊन सोसते, म्हणून फेब्रुवारीत पेरायची वेळ आली तर तीच निवडावी. लांब मुळ्याला फूटभर खोल भांडे हवे. कोवळी पाने फेकू नयेत, मूगडाळ घालून त्यांची भाजी होते.

मोहरीची पाने हा आपल्या स्वयंपाकघरात फारसा न वापरला जाणारा पर्याय आहे. फोडणीच्या डब्यातली मोहरी पेरली तरी महिनाभरात कोवळी पाने मिळतात. पालकात तिसरा हिस्सा मिसळली तर तिखटपणा बेताचा लागतो. हरभराही असाच. मूठभर अख्खे हरभरे कुंडीत लावावेत आणि महिनाभराने शेंडे खुडावेत. शेंडा खुडला की बाजूने फांद्या फुटतात आणि पुन्हा पाला मिळतो.

आणि बी न पेरता येणारे पीक म्हणजे पात. कोंब फुटलेला कांदा आपण बाजूला टाकतो. तो अर्धा मातीत रोवला की २० ते २५ दिवसांत कांद्याची पात कापायला येते. लसणीच्या पाकळ्या टोक वर ठेवून रोवल्या की लसणीची पात मिळते. जागा अगदीच कमी असेल, खिडकीच्या कठड्यावर एकच डबा मावत असेल, तर आम्ही पात सुचवू.

सहा आठवड्यांच्या आतल्या

कोथिंबिरीला लोक सर्वांत जास्त नावे ठेवतात. तिला उगवायलाच आठ ते बारा दिवस लागतात, म्हणून अनेकजण चौथ्या-पाचव्या दिवशी निराश होऊन माती उकरून पाहतात. धन्याच्या एका गोळ्यात दोन बिया असतात. चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून ते दोन भाग सुटे करावेत, रात्रभर भिजवावेत आणि अर्धा इंच खोल पेरावेत. स्वयंपाकघरातले धने जुने असतील तर आधी परीक्षा घ्यावी : दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे, सात-आठ मोडले तर बियाणे चांगले. कापणी ३५ ते ४५ दिवसांत. दुपारचे ऊन वाढू लागले की वर जुनी पातळ ओढणी बांधली तरी कोथिंबीर आठ-दहा दिवस जास्त टिकते.

शेपूलाही साधारण तेवढेच दिवस लागतात. त्याचे बी म्हणजे आपल्या घरातला बाळंतशेपा. आंबट चुका आणि चाकवत या दोन भाज्या कुंडीत लावायला सोप्या आहेत, पण शहरी घरांतून त्या मागे पडत चालल्या आहेत. चुका डाळीत शिजवला की चिंच लागत नाही, आणि चाकवताची ताक घालून केलेली पातळ भाजी थंडीत भाकरीबरोबर फार छान लागते. दोन्ही ४० दिवसांच्या आसपास खुडायला येतात.

लेट्यूसचा मोह झाला तर सैल पानांची जात घ्यावी, गड्ड्याची नको. त्याचे बी मातीत पुरायचे नसते, वर नुसते दाबायचे असते, कारण त्याला उगवताना उजेड लागतो. माती तापली की ते उगवतच नाही. म्हणून जानेवारीतच लावावे, फेब्रुवारीत नाही.

पालकाची गोष्ट

पालकाला वेगळी जागा देतो, कारण एकाच नावाखाली दोन वनस्पती विकल्या जातात. इंग्रजी पाकिटावर ज्याला स्पिनच म्हणतात तो विलायती पालक मूळचा इराणकडचा. त्याचे नाव फारसीतून अरबीत आणि तिथून युरोपातल्या भाषांत गेले. अरबांनी तो अंदलुसमध्ये, म्हणजे आजच्या स्पेनमध्ये, नेऊन रुजवला. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल-अव्वाम यांनी लिहिलेल्या ‘किताबुल फिलाहा’ या शेतीवरच्या मोठ्या ग्रंथातही त्याच्या लागवडीची माहिती आहे. त्या प्रदेशातल्या गार हिवाळ्यात तो मनसोक्त वाढतो.

आपल्या मंडईतला पालक मात्र त्याचा लांबचा नातेवाईक आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो बीटाच्या कुळातला, बीटाचाच सख्खा भाऊ म्हणावा असा. म्हणून तो उष्णता अधिक सोसतो आणि लवकर फुलावर येत नाही. आपल्या हवामानात कुंडीसाठी हाच देशी पालक घ्यावा. ‘ऑल ग्रीन’ आणि ‘पुसा ज्योती’ या त्याच्या प्रचलित जाती. पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांत पहिली कापणी होते. जमिनीपासून दोन बोटे सोडून पाने कापली की १५ ते २० दिवसांनी पुन्हा मिळतात. एकदा पेरून तीन-चार वेळा कापता येणारी ही भाजी असल्याने कमी जागेत हिचा हिशेब सर्वांत चांगला बसतो.

या हंगामात सोडून द्यावे असे

पाकिटावरचे चित्र पाहून हात पुढे जातो, पण फुलकोबी, पानकोबी, गाजर, बीट, मटार यांना दोन ते तीन महिने गार हवा हवी असते. त्यांची वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबरची होती. आता लावले तर पाने येतील, पण गड्डा, कंद किंवा शेंग धरण्याच्या वेळी नेमके ऊन तापलेले असेल. नवलकोलाचे रोप रोपवाटिकेतून तयार मिळाले तर तो ५० ते ५५ दिवसांत येतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लावणे शक्य असेल आणि आपण पुणे-नाशिककडे राहत असाल तरच त्या वाटेला जावे. बाकीच्यांनी ती जागा पालकाला द्यावी.

ऊन, माती, पाणी

पालेभाजीला चार-पाच तास ऊन पुरते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून, थोडा खालून जातो, त्यामुळे दक्षिणेकडच्या गॅलरीत ऊन आतपर्यंत येते. उत्तरेकडच्या गॅलरीत या दिवसांत फारसे ऊन नसते. तिथे अळीव आणि समुद्रमेथी एवढेच घ्यावे. मार्चअखेर सूर्य डोक्यावर येतो आणि दक्षिणेच्या गॅलरीतही वरच्या स्लॅबची सावली पडू लागते. थंडीच्या भाज्या आटोपण्याचे तेही एक कारण.

भांडे महाग असण्याची गरज नाही. जुनी बादली, तेलाचा डबा, थर्माकोलचे खोके, फळांचा क्रेट, काहीही चालते. तळाला भोके मात्र हवीतच. पालेभाज्यांना सहा ते आठ इंच खोली पुरते. माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, आणि नारळाचा भुसा हे तिन्ही सारखे घेतले की हलके, मोकळे मिश्रण तयार होते. नुसती काळी माती कुंडीत घट्ट बसते आणि वाळल्यावर तडकते. गच्चीवर मोठ्या प्रमाणावर करायचे असेल तर ओल्या मातीच्या वजनाचा विचार करावा, सोसायटीला विचारावे, आणि कुंड्यांखाली ताटल्या ठेवाव्यात. खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गढूळ थेंब पडले तर शेजारधर्माला तडा जातो, आणि तो जपणे भाजीहून मोलाचे आहे.

पाणी सकाळी द्यावे. फजरनंतरचा वेळ त्यासाठी उत्तम. संध्याकाळी पाने ओली राहिली तर थंडीत बुरशी धरते. वेगळे पाणी नसेल तर घरातलेच साठवता येते : तांदूळ-डाळ धुतलेले, भाजी धुतलेले, आणि वजूचे पाणी. वजूच्या पाण्यात साबण नसतो, म्हणून ते झाडांना चालते. नळाखाली टब ठेवून वजू केला तर पाच वेळांचे पाणी मिळून तीन-चार क्रेट सहज भिजतात. टंचाईच्या गावांत ही सवय फार उपयोगी पडते.

फेब्रुवारीत मुळा आणि मोहरीच्या पानांमागे मावा दिसतो, विशेषतः ढगाळ हवेत. सुरुवातीलाच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढावा. वाढला तर निंबोळी अर्क फवारावा आणि भाजी काही दिवसांनी, स्वच्छ धुऊनच वापरावी. कोवळे कोंब चिमण्या खातात. जाळी किंवा जुनी ओढणी पहिले दहा दिवस वर बांधली की पुरते.

रमजानची उलटी मोजणी

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो. चंद्रदर्शनावर एक-दोन दिवसांचा फरक धरून, २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीस आणि २०२९ मध्ये जानेवारीच्या मध्यावर सुरू होईल. २०३० मध्ये तर वर्षाच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरअखेर, असा दोनदा येईल. म्हणजे पुढची काही वर्षे रमजान नेमका थंडीच्या भाज्यांच्या हंगामात आहे. चटणीची कोथिंबीर, भज्यांचा पालक, सॅलडचा मुळा हे सारे दस्तरख्वानावर घरचे ठेवता येईल, फक्त मोजणी उलटी करायला हवी :

पहिल्या रोजाच्या ४५ दिवस आधी : कोथिंबीर, शेपू.
४० दिवस आधी : पालक, चुका. पुदिन्याच्या काड्याही याच वेळी अर्ध्या सावलीत रोवाव्यात.
३० दिवस आधी : मेथीचा पहिला क्रेट, लाल मुळा.
२० ते २५ दिवस आधी : कांदा-लसणीची पात.
१४ दिवस आधी : अळीव.

रमजान लागल्यावर पहिल्या आठवड्यात मेथीचा आणखी एक क्रेट पेरला की तो ईदच्या आसपास कापणीला येतो. जिथे रात्रीचे तापमान दहाच्या खाली उतरते तिथे, म्हणजे निफाडसारख्या भागात, उगवण आणि वाढ मंदावते. तिथे प्रत्येक ओळीत एक आठवडा वाढवून धरावा.

पानातले लोह अंगी लागावे म्हणून

पालक खाल्ला की रक्त वाढते, हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात अर्धे सत्य आहे. पालकात लोह आहे, पण त्याच पानातले ऑक्झलेट ते सहजासहजी शरीराला घेऊ देत नाही. म्हणून एकट्या पालकावर भिस्त न ठेवता मेथी, मोहरीची पाने, मुळ्याची पाने, अळीव असे आलटून पालटून खावे. पालेभाजीवर लिंबू पिळावे, कारण आंबट फळांतल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे पानातले लोह अधिक शोषले जाते. पालेभाजीबरोबर थोडे मांस असले तरी तोच फायदा होतो. त्या अर्थाने आपल्या घरांतली मेथी-खिमा किंवा पालक-गोश्त ही जोडी चवीपलीकडेही शहाणपणाची आहे. याउलट जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा लोह अडवतो. तो तासाभराने घ्यावा.

मेथी-पालकात फोलेटही भरपूर असते. गरोदर स्त्रीला ते विशेष लागते. पण पाने खूप वेळ उकळून पाणी फेकून दिले तर त्यातले बरेच वाया जाते. झाकण ठेवून, थोड्या पाण्यात, थोडाच वेळ शिजवावे. आणि हे नीट ध्यानात ठेवावे की पालेभाजी औषधाची जागा घेत नाही. डॉक्टरांनी किंवा आरोग्य केंद्राने लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या पूर्ण घ्याव्यात, सोबत भाजी खावी.

मार्च उजाडला की

सारे वेळेत करूनही शेवटी काही झाडे फुलावर येणारच. ती लगेच उपटू नयेत. मुळा फुलला तर त्याला शेंगा धरतात. त्या कोवळ्या शेंगांची, डिंगऱ्यांची, भाजी फार चवदार होते. कोथिंबीर फुलली तर मधमाश्या येतात आणि पुढे हिरवे धने मिळतात. ते चटणीत वाटावेत, उरलेले वाळवून पुढच्या ऑक्टोबरचे बियाणे म्हणून ठेवावेत. मेथीचेही तसेच.

रिकाम्या झालेल्या क्रेटमध्ये फेब्रुवारीअखेर लाल माठ, अंबाडी, भेंडी, चवळी पेरावी. त्यांना ऊनच हवे असते. पुदिना अर्ध्या सावलीत चालू राहतो. अशा रीतीने खोकी वर्षभर हिरवी राहतात, फक्त त्यांतले पीक ऋतूबरोबर बदलते.

सुरुवात मोठी करू नये. या आठवड्यात एक क्रेट पालक, एक क्रेट मेथी आणि एका ताटलीत अळीव, एवढे पुरे. प्रत्येकावर पेरणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी लावावी, आणि शेजारी कापणीची अंदाजे तारीख. आणि पहिली कापणी झाली की ती भाजी आधी त्या ताटात वाढावी, जे घरात सगळ्यांत शेवटी मांडले जाते.